तंबूची जागा

कुडव्याच्या भोवताली धानकापणी आटोपली म्हणजे मोकळ्या बांध्या तंबू ठोकण्यास फार सोयीच्या दिसतात; सपाट, स्वच्छ आणि गावाजवळ. परंतु विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, बांधी ही पाणी अडविण्यासाठीच रचलेली असते. चहूकडे धुरे, खाली चिकण माती! पौषात अवकाळी सर आली, तर ते पाणी अंथरुणाखालीच साचेल. म्हणून बांधीबाहेरचा किंचित उंच, उताराचा माळ शोधावा. बोडीचा काठ व जुने झाड, दोन्ही टाळावीत. एकीकडे ओल, दुसरीकडे फांदीचे भय.

इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर सन १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी मुलांचे शिबिर भरविले, तेव्हाही निवारा कापडी तंबूंचाच होता. पुढे कापड बदलले. मेख ठोकण्याची रीत मात्र तीच. तिचे डोके तंबूपासून बाहेरच्या अंगास कललेले असावे, नाहीतर ताण बसताच तणावा निसटतो.

तणावे सुती असल्यास अधिक सावध असावे. ओलाव्याने सुती दोरी फुगून आखूड होते. सायंकाळी ताठ बांधलेला तंबू पहाटेच्या दवाने आपल्याच मेखा उपटू पाहतो! निजण्यापूर्वी तणावे थोडे सैल करावेत. नायलॉनची दोरी उलट वागते. भिजली की ती लांबते.

थंडी जमिनीतूनही बाधते, म्हणून खाली तणीस पसरून वर सतरंजी घालावी. मात्र तणीस क्षणात पेट घेते. आमच्या मते पालकांनी मुलांच्या सामानात कंदिलाऐवजी विजेरीच द्यावी, आणि चूल वाऱ्याच्या खालच्या बाजूस, तंबूपासून बरीच दूर मांडावी.