एका मासिकाचा शेवटचा अंक

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला नियतकालिकांचा इतिहास शिकवताना ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाले, हे वाक्य मी आजवर किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. मुले साल वहीत टिपून घेतात आणि पुढच्या वाक्याची वाट पाहतात. मासिक बंद झाले म्हणजे नेमके काय झाले, कोणाचे काय गेले, असे कोणी विचारत नाही. खरे सांगायचे तर मीही तो प्रश्न स्वतःला कधी नीट विचारला नव्हता. तो पडला एका अनपेक्षित ठिकाणी, माझ्या भाच्याच्या पुण्यातील घरी.

भाचा २००७ साली अमेरिकेत शिकत होता. परत येताना त्याने कपड्यांपेक्षा कागदच अधिक आणले, अशी आमच्या ताईची तक्रार अजूनही आहे. गेल्या दिवाळीत त्याच्या कपाटातील एक जाडसर, चकचकीत मासिक मी सहज ओढून काढले. “मावशी, जपून गं. शेवटचा अंक आहे तो,” तो म्हणाला. मी हसले. चाळिशीतला माणूस एका खेळाच्या मासिकाविषयी असे बोलतो याचे मला हसू आले होते. पण मग त्याने त्या अंकाची हकिकत सांगितली, त्या वेळच्या वाचकांनी काय काय लिहिले होते ते दाखवले, आणि पुढचे दोन-तीन महिने मी त्यातच बुडाले. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे फळ.

मासिकाचे नाव ‘ड्रॅगन’. ते ज्या खेळासाठी निघत असे तो ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. आपल्या वाचकांपैकी अनेकांना तो ठाऊक नसेल, म्हणून दोन शब्द सांगते. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो गोष्ट सांगतो, वाटेत कोणती गुहा लागली, दाराआड कोण उभे आहे हे ठरवतो. आपण त्याला सूत्रधार म्हणू. पात्राने काय करायचे हे खेळाडू बोलून सांगतो, आणि ते साधले की फसले हे फासे ठरवतात. त्यांत वीस बाजूंचा फासा मुख्य. या खेळात शेवटी कोणी जिंकत नाही आणि तो एका संध्याकाळी संपतही नाही. तीच मंडळी, तीच पात्रे, दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, महिनोन्‌महिने आणि कधी वर्षानुवर्षे खेळत राहतात. पुढचे समजण्यासाठी एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवावी.

असा खेळ चालवायचा तर सूत्रधाराला सतत नवा मजकूर लागतो. ‘टीएसआर’ या खेळाच्या मूळ कंपनीने १९७५ साली एक लहानसे पत्रक काढले. त्याचे सात अंक निघाले आणि जून १९७६ मध्ये त्याच्या जागी ‘ड्रॅगन’ आले. पुढे १९८६ साली ‘डन्जन’ हे भावंड निघाले. ‘ड्रॅगन’मध्ये लेख, नियमांचा खल, शंका-समाधान, व्यंगचित्रमालिका, ‘डन्जन’मध्ये सूत्रधाराला टेबलावर थेट वापरता येतील अशी रचलेली कथानके. ‘टीएसआर’ डबघाईला आली तेव्हा १९९६ च्या अखेरीपासून काही महिने ‘ड्रॅगन’चे अंक निघालेच नाहीत. १९९७ साली ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने ‘टीएसआर’ विकत घेतली आणि मासिक पुन्हा सुरू झाले. २००२ पासून दोन्ही मासिके ‘पायझो’ ही छोटी संस्था परवान्यावर छापू लागली.

१९ एप्रिल २००७ या दिवशी जाहीर झाले की परवान्याची मुदत संपत असून ती वाढवली जाणार नाही. सप्टेंबर २००७ चे अंक, म्हणजे ‘ड्रॅगन’चा ३५९ वा आणि ‘डन्जन’चा १५० वा, हे छापील अंकांतले अखेरचे. मालक कंपनीच्या वतीने जे कारण देण्यात आले त्याचा आशय असा, की अशा प्रकारच्या माहितीसाठी लोक आता इंटरनेटकडे वळतात. तिथे अधिक लोकांपर्यंत आणि अधिक वेळा पोचता येईल.

यातला ‘माहिती’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. वाचकांनी त्यानंतर जे लिहिले ते मी वाचत गेले तेव्हा जाणवले, की माहिती गेल्याचे दुःख त्यांत जवळजवळ कोणीच केलेले नाही.

मग कशाचे केले होते? अनेकांनी आपण घेतलेला पहिला अंक कोणता, मुखपृष्ठावर काय होते, तो कोणत्या दुकानात मिळाला, पैसे कोणी दिले, हे लिहिले. टपालपेटीत अंक आला का हे पाहण्याची सवय कोणी सांगितली. काहींनी चिडून आपण या कंपनीची वस्तू यापुढे घेणार नाही असे जाहीर केले. काहींनी संपादकांचे आभार मानले. आणि काहींनी प्रामाणिकपणे कबूल केले, की आपण कित्येक वर्षांपूर्वीच वर्गणी बंद केली होती, तरीही बातमी वाचून वाईट वाटले. या शेवटच्या गटाविषयी माझे मत फारसे चांगले नाही. अंक विकत न घेता मासिक चालावे अशी इच्छा करणारे वाचक आपल्याकडेही पुष्कळ आहेत, आणि मासिके बंद पडण्यास तेही थोडेफार जबाबदार असतात. असो.

सर्वांत अस्वस्थ होते ते सूत्रधार. ‘डन्जन’मध्ये तेव्हा ‘सॅव्हेज टाइड’ नावाचे बारा भागांचे कथानक चालू होते. १३९ व्या अंकात त्याला प्रारंभ झाला होता. सॅसेरीन नावाच्या बंदराच्या शहरात नवखी पात्रे निघतात आणि बाराव्या भागात पाताळातल्या डेमोगॉर्गन या राक्षसराजासमोर जाऊन उभी राहतात, एवढा त्याचा पल्ला. ‘ड्रॅगन’मध्ये त्याला पूरक सदरही होते. आता कल्पना करा, कित्येक घरांतल्या टेबलांभोवती हे कथानक चालू आहे. कोणाचा तिसरा भाग झाला आहे, कोणाचा पाचवा. मासिक मध्येच थांबले तर कादंबरीचा वाचक हळहळतो, पण इथे तर वाचक हाच कादंबरीतले पात्र होता. छापखाना थांबला की त्याचे पात्र समुद्रात अर्ध्या वाटेवर राहणार होते. सुदैवाने तसे झाले नाही. हे कथानक पुरे व्हावे इतपत परवान्याला सवलत मिळाली होती आणि बारावा भाग बरोबर १५० व्या अंकात आला. मालक कंपनीला शिव्याशाप देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ही गोष्ट तिच्या खात्यावर जमा केली.

अर्धवट राहण्याचे दुःख काय असते हे त्या वाचकांना पूर्वी एकदा कळले होते. ‘ड्रॅगन’मध्ये डेव्ह ट्रॅम्पिअर या चित्रकाराची ‘वर्मी’ ही चित्रमालिका कित्येक वर्षे चालली आणि १९८८ साली, कथा ऐन रंगात असताना, एकाएकी थांबली. चित्रकार या क्षेत्रातूनच नाहीसा झाला. २००२ साली एका विद्यार्थी वृत्तपत्रात टॅक्सीचालकाची मुलाखत आली आणि तो हाच माणूस असल्याचे लोकांना कळले. २०१४ साली त्याचे निधन झाले. ‘वर्मी’चा शेवट कोणालाच वाचायला मिळाला नाही.

दुसरी व्यथा लिहिणाऱ्यांची होती, आणि माझ्या मते तीच अधिक खोल. ‘ड्रॅगन’ आणि ‘डन्जन’ बाहेरून आलेले लेखन स्वीकारत. बाहेरून म्हणजे वाचकांकडूनच. एड ग्रीनवुड हा कॅनडातील ग्रंथालयात काम करणारा तरुण. त्याचा ‘द कर्स्ट’ हा छोटा लेख १९७९ साली ३० व्या अंकात आला. तो लिहीत राहिला, आणि त्याने लहानपणापासून मनात रचलेले ‘फरगॉटन रेल्म्स’ हे जग १९८७ साली खेळाचे अधिकृत जग म्हणून प्रसिद्ध झाले. क्रिस्तोफर पर्किन्स याचे कथानक १९८८ साली ‘डन्जन’च्या ११ व्या अंकात आले, पुढे तोच त्या मासिकाचा संपादक झाला. १९८३ साली ७२ व्या अंकात दोघा इंग्रज खेळाडूंचा एक गमतीदार लेख आला. गुहेच्या छताला दगडी सुळक्यासारखा लटकून राहणारा आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडणारा एक प्राणी या खेळात आहे. तो खातो काय, वाढतो कसा, असा जीवशास्त्राच्या थाटाचा तो लेख. मूळ तो हौशी मंडळींच्या घरगुती पत्रिकेतला. त्यावरून पुढे प्राण्यांच्या राहणीवरील लेखांची मालिकाच सुरू झाली. म्हणजे या मासिकात वाचक आणि लेखक यांच्यामधली भिंत फार पातळ होती. आपलाही लेख एक दिवस ‘ड्रॅगन’मध्ये येईल, अशी आशा बाळगून असलेल्या कित्येकांनी २००७ च्या त्या एप्रिलमध्ये लिहिले, की आता ते कधीच होणार नाही.

इथे माझे विद्यार्थी आक्षेप घेतील. एकाने वर्गात घेतलाही. “मॅडम, पण इंटरनेटवर तर कोणीही लिहू शकतो. मग दार बंद कसे झाले?” प्रश्न रास्त आहे. पण जिथे दारच नाही तिथे आत जाण्याचा आनंदही नाही, असे मला वाटते. संपादकाने लेख परत पाठवला, सुधारायला सांगितला, पुन्हा मागवला आणि मग तो छापला, यात एका अनोळखी माणसाने आपले लिहिणे गंभीरपणे वाचले याची खात्री असते. ग्रीनवुडचा लेख त्याच्या वहीतही होताच. तो ३० व्या अंकात आला तेव्हा देशभरातल्या हजारो माणसांच्या हातात एकाच महिन्यात, एकाच पानावर पडला.

हा ‘एकाच महिन्यात’ भाग भाच्याने मला समजावला. त्याच्या गटातले पाचही जण वर्गणीदार. शुक्रवारी खेळायला जमले की पहिला अर्धा तास अंकावरच जाई. “नेटवर पण वाचतोच की आम्ही,” तो म्हणाला, “पण तू आज वाचलंस, तो परवा वाचणार, तिसरा वाचणारच नाही. बोलायचं कधी?” या एका वाक्यासाठी मी त्याच्याकडे दोनदा चहा प्यायले तरी हरकत नाही.

शेवटच्या अंकात काय होते? शोकलेख कमी आणि खेळ अधिक. खेळाच्या इतिहासातील वीस खलनायकांची यादी त्यात आहे. वीसच का? तर वीस बाजूंचा फासा टाकावा आणि जो आकडा येईल तो खलनायक आपल्या गोष्टीत आणावा! मासिक बंद होत असतानाही संपादकांनी वाचकाच्या हाती पुढच्या खेळाचे साहित्य ठेवले. भाच्याच्या प्रतीत त्या यादीशेजारी पेन्सिलीच्या खुणा आहेत. म्हणजे पिशवीत घालून ठेवण्यापूर्वी तो अंक वापरला गेला होता, हे पाहून मला बरे वाटले.

पुढची हकिकत थोडक्यात. ऑगस्ट २००७ मध्ये मालक कंपनीने खेळाची चौथी आवृत्ती जाहीर केली आणि मासिके बंद होण्याचा अर्थ वाचकांनी त्या प्रकाशात नव्याने लावला. त्याच ऑगस्टमध्ये ‘पायझो’ने ‘पाथफाइंडर’ नावाची मासिक पुस्तकमाला काढली आणि उरलेल्या वर्गणीच्या बदल्यात ती घेण्याची सोय वर्गणीदारांना दिली. २००९ साली त्यातून एक स्वतंत्र खेळच उभा राहिला, आणि चौथी आवृत्ती न रुचलेले पुष्कळ खेळाडू तिकडे गेले. ‘ड्रॅगन’ इंटरनेटवर ३६० व्या अंकापासून पुढे चालले आणि २०१३ च्या अखेरीस ४३० व्या अंकावर थांबले. तेव्हा जाहीर झाले ते बंद होणे नव्हे, विश्रांती. त्या विश्रांतीतून ते मासिक त्या रूपात परत आले नाही. ४३० वा अंक कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही. ठेवणार तरी काय?

हे सारे मी इतक्या विस्ताराने का लिहिले, असे कोणी विचारील. आपला हा वार्षिकांक पुढील वर्षापासून छापावा की फक्त संकेतस्थळावर ठेवावा, यावर समितीत चर्चा झाली. कागदाचा आणि छपाईचा खर्च वाढला आहे. मुले छापील अंक नेतच नाहीत, गठ्ठे कार्यालयात पडून राहतात, हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. गेल्या वर्षीचे न नेलेले अंक मी स्वतः मोजले, एकशे बारा भरले. त्याच दिवशी प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी, जिची सहा ओळींची कविता त्या अंकात आली होती, तीन जादा प्रती मागायला आली. एक आजीसाठी, एक गावच्या शाळेतल्या बाईंसाठी. तिसरी कोणासाठी ते तिने सांगितले नाही. दोन्ही गोष्टी मी समितीपुढे जशाच्या तशा ठेवल्या आहेत. निर्णय पुढच्या सत्रात होईल.

फेब्रुवारीत ग्रंथालयात नियतकालिकांच्या पहिल्या आणि शेवटच्या अंकांचे एक छोटे प्रदर्शन मांडायचे आहे. त्यासाठी ३५९ वा अंक कुरिअरने पाठव, असे मी भाच्याला कळवले होते. कुरिअरने पाठवणार नाही, स्वतः घेऊन येईन आणि संध्याकाळी परत नेईन, असे त्याचे उत्तर आले आहे.