हमीचा कागद

एक रिक्षावाला होता. त्याने नवी बॅटरी घेतली. कार्डावर १८ महिन्यांची हमी होती. ८ महिने झाले आणि एके सकाळी रिक्षा चालूच होईना. त्याने बॅटरी काढली आणि दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, "तुमच्या गाडीचं चार्जिंग बिघडलंय. यात ग्यारंटी बसत नाही."

रिक्षा उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली. मग काय करावे? भांडावे, की मुकाट्याने दुसरी बॅटरी घ्यावी? दोन्ही नको. आपण वाचायला शिकलो आहोत. आता त्याचा उपयोग करू या.

आधी कार्ड वाचू या. लोक ग्यारंटी म्हणतात, कार्डावर वॉरंटी लिहिलेले असते. बॅटरीची हमी सहसा घडणीतल्या दोषाची असते. बॅटरी पडून फुटली किंवा गाडीच्या चार्जिंगने खराब झाली, तर हमी लागू होत नाही. काही कार्डांत हमीचे दोन भाग असतात. पहिले काही महिने बॅटरी फुकट बदलून मिळते, पुढे फक्त किमतीत सूट मिळते. आपण कोणत्या भागात आहोत, ते तारखेवरून पाहावे.

म्हणजे वाद एवढाच, की दोष कोणाचा? याचे उत्तर आवाज चढवून मिळत नाही. मोजून मिळते.

१२ व्होल्टच्या बॅटरीत ६ घरे असतात. एकेक घर सुमारे २ व्होल्टचे. बुचे असलेल्या बॅटरीत हायड्रोमीटरच्या नळीने प्रत्येक घरातले आम्ल तपासतात. बॅटरी पुरी भारलेली असली, तर आकडा साधारण १.२५ ते १.२८ येतो. ५ घरे चांगली आणि एकच घर पडलेले असेल, तर दोष आतला असण्याचा संभव जास्त. सहाही घरे सारखी उतरलेली असली, तर बॅटरी भारून पुन्हा तपासावी. बंद बॅटरीला बुचे नसतात. ती यंत्रावर तपासतात.

गाडीचे चार्जिंगही मोजून घ्यावे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसावेत. चार्जिंग खरोखरच बिघडलेले असेल, तर दुकानदाराचे म्हणणे मानावे आणि आधी ते नीट करावे. नाही तर नवी बॅटरीही तशीच जाईल. पण न मोजताच कोणी "नाही" म्हणाला, तर आपण नम्रपणे म्हणावे, "भाऊ, काय आकडे आले ते लिहून द्या."

सही करण्याआधी थांबावे. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. "चूक ग्राहकाची" असे कुठे लिहिले आहे का, ते पाहावे. बॅटरी ठेवून घेतली, तर तिचा नंबर, तारीख आणि शिक्का असलेली पावती घ्यावी. बिल आणि कार्ड यांची नक्कल द्यावी, मूळ कागद आपल्याजवळ ठेवावेत.

मग पत्र लिहावे. एक दुकानाला, एक कंपनीला.

"महाशय, मी आपल्या दुकानातून बॅटरी घेतली. बिल नंबर, तारीख आणि बॅटरीचा नंबर खाली दिला आहे. ती हमीच्या मुदतीत बंद पडली. आपण हमी नाकारली. नाकारण्याचे कारण आणि तपासणीचे आकडे १५ दिवसांत लेखी कळवावेत, किंवा बॅटरी बदलून द्यावी."

पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे. पोस्टाची पावती जपून ठेवावी.

तरीही दाद लागली नाही, तर १९१५ या नंबरावर फोन करावा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असली, तर फी पडत नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करावा. जरूर पडल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवतो.

कोणी म्हणेल, "रिक्षा म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक कसले?" घाबरू नये. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा घेणारा हा कायद्याने ग्राहकच आहे.

तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. लिहिलेले टिकते. म्हणून खरेदीच्या दिवशीच बिल मागावे, आणि कार्डावर तारीख व शिक्का घातला आहे की नाही, ते दुकानातच वाचून पाहावे.

प्रश्न
१. एकच घर पडले असेल, तर दोष कुठला असण्याचा संभव जास्त?
२. बॅटरी दुकानात ठेवताना पावतीवर काय काय हवे?
३. आपल्या घरातल्या एखाद्या वस्तूचे हमीचे कार्ड काढा. हमी कोणत्या तारखेला संपते, ते वहीत लिहा.