कमरेची जखम आणि तुकड्याची तपासणी



वस्तीत फिरताना वयस्क मायबहिणी आम्हाला कमरेवरचा काळा पट्टा दाखवतात. "लुगड्याचा घट्टा हाय," म्हणतात. बहुतेकींचा तो घट्टाच असतो. पण त्या पट्ट्यात जखम झाली आणि महिनाभरात भरली नाही, कडा उंच व कडक झाल्या, रक्त येऊ लागले, तर मलम लावत बसू नका.

धोतर नेसायच्या जागी होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरची नोंद मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 साली केली. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी कमरेच्या अशाच कॅन्सरच्या दोन बाया नोंदवल्या. त्यातली एक वर्षानुवर्षे लुगडे घट्ट नेसणारी. तिचा आजार जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

हा कॅन्सर नुसत्या नजरेने किंवा रक्त तपासून पक्का होत नाही. जागा बधिर करून जखमेच्या काठाचा छोटा तुकडा काढतात. हीच बायोप्सी. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत प्रयोगशाळेत जातो. पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कातडीच्या वरच्या थरातल्या स्क्वॅमस पेशी वेड्यावाकड्या होऊन खाली घुसलेल्या दिसल्या, तर तो स्क्वॅमस सेल कॅन्सर. त्यात अनेकदा केराटिनचे मोत्यासारखे गोळेही दिसतात.

कधी पेशी इतक्या बिघडतात की त्यांचे मूळ ओळखू येत नाही. तेव्हा त्याच तुकड्याच्या कापांवर मार्करची तपासणी करतात. पी-40, पी-63 आणि सायटोकेरॅटिन 5/6 यांचा रंग चढला तर कौल स्क्वॅमसकडे जातो. एस-100 आणि सॉक्स-10 यांचा चढला तर मेलॅनोमा या वेगळ्या कॅन्सरकडे. कॅन्सर कोणता, यावर उपचार ठरतो.

"तुकडा काढला की कॅन्सर पसरतो," ही भीती सोडा. पसरतो तो उशीर केल्याने. वेळेत कळला तर बहुतेकदा ऑपरेशनने बरा होतो.

इस्लापूरच्या बहिणींनो, आधी किनवटचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. तिथून पाठवले तर नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय मेडिकल कॉलेजात जा. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रिपोर्टचा कागद जपून ठेवा. परकराची नाडी सैल आणि रुंद ठेवा.

वंदनेत आपण धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा. जखमही लपवू नका, दाखवा.

नमो बुद्धाय. जयभीम.