‘वेळ पुरत नाही’ हीही एक तक्रारच

छातीत धडधड, रात्री झोप नाही, दिवस कसा संपतो ते कळत नाही, अशी तक्रार घेऊन पुष्कळ जण येतात. नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड मी तपासतोच. ते सारे ठीक निघाले की हल्ली एक प्रश्न जास्त विचारतो: फेसबुक, इन्स्टाग्रामवर किती वेळ जातो?

हा प्रश्न मला एका आजींनी शिकवला. गेल्या वर्षी त्या गुडघेदुखी सांगत होत्या आणि मी टेबलाखाली मोबाईल चाळत होतो. आजी थांबल्या. म्हणाल्या, “तुमचं होऊ द्या, मग सांगते.” लाज वाटली. मोबाईल खणात टाकला, तेव्हा कळले की रात्री चार-चारदा लघवीला उठावे लागते. रक्तातील साखर २८० निघाली. गुडघ्याची गोळी देऊन मी त्यांना वाटेला लावणार होतो!

त्याच रात्री दोन्ही काढून टाकली. व्हॉट्सॲप ठेवले, कारण लॅबचे रिपोर्ट त्यावर येतात. गट मात्र सोडले. (एक शाळासोबती अजून रुसलेला आहे.)

पहिला आठवडा वाईट गेला. हात सारखा खिशाकडे जाई, चिडचिड होई. त्यात नवल नाही. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, या पडद्याला ते नसते. पुढे काहीतरी बरे दिसेल या आशेवर मेंदू खेळत राहतो, मटक्याच्या आकड्यासारखा. शिवाय दर पाच मिनिटांनी लक्ष तुटले की हातातले काम रेंगाळते आणि उरलेल्याची घाई मागे लागते.

दहा-बारा दिवसांनी दोन रुग्णांमधली पाच मिनिटे मला पाच मिनिटांएवढी वाटू लागली. चहा गरम असतानाच पिऊन होऊ लागला. रुग्ण मात्र पूर्वीइतकेच होते.

२०१८ साली अमेरिकेत संशोधकांनी काही जणांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचा रोजचा सरासरी तासभर मोकळा झाला आणि मनाला थोडे बरे वाटले. थोडेच, चमत्कार नव्हे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्यास सुरुवात झाली. एकट्यापेक्षा असे सर्वांनी मिळून करणे सोपे जाते.

मोबाईल उशाशी ठेवू नका. गजराचे साधे घड्याळ आणा. पंधरा दिवसांनीही झोप येत नसेल, मन उदास असेल, तर मोबाईललाच दोष देत घरी बसू नका, डॉक्टरांना भेटा.

आजींची साखर आता आटोक्यात आहे. आल्या की आधी माझ्या टेबलाखाली डोकावतात, मग बसतात.