मेंदूतील पेशींचे जाळे

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एकटी पेशी विचार करू शकत नाही. ती शेजारच्या पेशींकडून निरोप घेते नि पुढे देते, एवढेच. मग गणित सोडवते कोण? तर पेशींचे सबंध जाळे!

हे जाळे नुसते बघून कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्याची प्रतिकृती करतात. १९४३ साली अमेरिकेत मॅककुलक आणि पिट्स यांनी चेतापेशीची एक सोपी गणिती प्रतिकृती मांडली. नियम असा : पुरेसे निरोप आले तर पेशीने पुढे निरोप द्यायचा, नाही तर गप्प राहायचे. ‘थांब’ असा निरोप आला तरीही गप्पच राहायचे.

करून पाहा : सहा मुलांनी गोल करून बसावे. गुरुजी टेबलावर ठोके देतील. पहिल्या ठोक्याला एकानेच टाळी वाजवावी. पुढे प्रत्येकाने लक्षात ठेवायचे, की मागच्या ठोक्याला माझ्या शेजाऱ्याने टाळी वाजवली असेल तर आता मी वाजवायची. थोड्याच वेळात दर ठोक्याला तीन-तीन टाळ्या पडू लागतील आणि त्या थांबणारच नाहीत! आता सातवा मुलगा मध्ये बसवा. दोन टाळ्या एकदम पडल्या की त्याने हात वर करायचा. हात दिसला की पुढच्या ठोक्याला सर्वांनी गप्प. झाले, जाळे शांत!

हाच खेळ संगणकात फार मोठा करता येतो. पिकलेल्या फळांवर बारीक फळमाश्या घोंघावतात. २०२४ साली शास्त्रज्ञांनी अशा एका माशीच्या मेंदूतील सुमारे १,३९,००० पेशींचा आणि त्यांच्या ५ कोटींहून अधिक जोडण्यांचा नकाशा पूर्ण केला. तो संगणकात घालून त्यांनी गोड चव ओळखणाऱ्या पेशी जाग्या केल्या. निरोप कोणत्या पेशींतून जाऊन माशीची सोंड बाहेर येईल, हे संगणकाने वर्तवले. खऱ्या माश्यांवर पडताळा घेतला, तेव्हा पुष्कळ अंदाज बरोबर निघाले. मात्र संगणकातल्या माशीला भूक लागत नाही. नक्कल ती नक्कलच!

याचा आपल्याला उपयोग काय? फिट येते तेव्हा मेंदूतील पुष्कळ पेशी एकदम निरोप धाडू लागतात. ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशी कमी पडणे, हे त्याचे एक कारण असू शकते. सातवा मुलगा नसताना आपल्या खेळाचे झाले तसेच! म्हणजे फिट ही भूतबाधा नव्हे, कोणाची करणीही नव्हे. तो मेंदूचा आजार आहे.

म्हणून पालकांनो, फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका. कुशीवर वळवा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर लगेच दवाखान्यात न्या. डॉक्टरांची औषधे नियमित घेतल्यास पुष्कळ जणांच्या फिट थांबतात. अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका.

— इयत्ता सातवी