गाजलेल्या भूमिकेनंतर

चि. बाळ यास,


मालिकेतल्या पात्राच्या नावानेच आता लोक तुला हाक मारतात, असं ताईने कळवलं. आनंद झाला, आणि काळजीही वाटली. म्हणून असाच पात्राच्या नावाने ओळखला गेलेला ऑस्ट्रेलियन नट गॅरी मॅकडॉनल्ड याच्याविषयी लिहितोय.

सिडनीच्या नायडा या नाट्यसंस्थेतून तो 1967 मध्ये बाहेर पडला. पुढे ‘द आंटी जॅक शो’त त्याला नॉर्मन गन्स्टन सापडला. दाढी करताना कापलेल्या जागी कागदाचे कपटे चिकटवून येणारा, बड्या पाहुण्यांना भलतेच प्रश्न विचारणारा मुलाखतकार. 11 नोव्हेंबर 1975 ला पंतप्रधान व्हिटलम बडतर्फ झाले, तेव्हा कॅनबेराच्या संसदेच्या पायऱ्यांवरही हा नॉर्मन हजर होता. 1976 चा गोल्ड लोगी, म्हणजे तिथल्या टीव्हीचा सर्वांत मानाचा पुरस्कार, नटाच्या नव्हे, नॉर्मनच्या नावाने दिला गेला.

मला मात्र त्याचं नंतरचं काम जास्त मोलाचं वाटतं. 1984 ते 1994, ‘मदर अँड सन’ ही विनोदी मालिका. रूथ क्रॅकनेल झालीय विसराळू, हेकट आई. गॅरी तिचा घटस्फोटित मुलगा आर्थर. तिचं सगळं करायचं आर्थरने, आणि तिला कौतुक डेंटिस्ट असलेल्या थोरल्याचं! हशा बहुतेक आईच्या वाक्याला. पण तो वसूल होतो आर्थरच्या चेहऱ्यावर. तो बोलायला तोंड उघडतो, शब्द गिळतो, मान खाली घालतो. एखादा भाग आवाज बंद करून बघ. समोरच्याचं ऐकणं हाही अभिनय आहे, हे तिथे दिसेल.

1993 मध्ये त्याने नॉर्मनला पुन्हा टीव्हीवर आणलं, पण चिंतेचा विकार बळावून तो कोलमडला आणि कार्यक्रम बंद पडला. त्याने ते लपवलं नाही. उपचार घेतले, जाहीरपणे बोलला, ‘बियाँडब्ल्यू’ या मानसिक आरोग्याच्या संस्थेसाठी काम केलं. अभिनेत्री पत्नी डायान क्रेगबरोबर रंगभूमीवरही उभा राहिला. तुलाही रात्रीची झोप लागत नाही म्हणे. डॉक्टरांकडे जा, त्यात कमीपणा कसला?

आणि मालिकेच्या दुसऱ्या पर्वाच्या करारावर सही करण्याआधी एक कर. नाटकातली ती धाकट्या भावाची भूमिका, जिला तू चारच वाक्यं म्हणून नाक मुरडतोयस, ती घे. दिग्दर्शकांना याच आठवड्यात होकार कळव.

तुझा,
मामा