ओला कोबा आणि पायांतील बूट

शाळा सोडल्यावर तुमच्यांपैकीं कांहीं जण मोटारींच्या गॅरेजांत काम शिकावयास जातात. दोन वर्षांपूर्वीं आमचा एक माजी विद्यार्थी असाच कामास लागला. त्याचे वडील बूट घेण्यास निघाले तेव्हां मलाही आग्रहानें बरोबर घेऊन गेले. "सर, आपण शास्त्र शिकवितां, आपणच पारखून द्या," असें ते म्हणाले. मी जाड तळाची, मोठमोठ्या खाचांची एक जोडी उचलली, तिजवर 'तेलरोधक' अशा अर्थाचा शिक्का पाहिला आणि ती निःशंकपणें घ्यावयास सांगितली. तिसऱ्याच आठवड्यांत गाड्या धुण्याच्या जागीं साबणाच्या पाण्यावरून मुलाचा पाय घसरला व उजवें मनगट मोडलें. दीड महिना हात प्लास्टरांत राहिला आणि तितक्या दिवसांची मजुरी बुडाली. वडिलांनीं मला बोल लाविला नाहीं. परंतु आपण कोठें चुकलों हें शोधून काढणें मला भाग पडलें. तोच धडा येथें मांडीत आहें.

पाय घसरतो कां, हें प्रथम पाहूं. चालतांना टाच आधीं जमिनीस टेंकते आणि शरीराचा भार तिजवरून पुढें सरकतो. त्या क्षणीं टाचेस जागच्या जागीं धरून ठेवण्याचें काम घर्षण करितें. आमोंतों नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६९९ सालीं असें दाखविलें कीं, दोन कोरड्या पृष्ठभागांमधील घर्षण त्यांजवरील दाबाच्या प्रमाणांत असतें. ह्या प्रमाणास घर्षणांक म्हणतात. कोरड्या कोब्यावर रबराचा घर्षणांक पुष्कळ असतो, म्हणून तेथें कोणताही बूट चालतो. पण मध्यें पाणी, साबण किंवा इंजिनाचें तेल आलें कीं रबर आणि कोबा ह्यांची भेटच होत नाहीं. दोहोंमध्यें द्रवाचा पातळ थर राहतो व पाय त्या थरावरून सरकतो. तेव्हां चांगल्या तळाचें काम एकच : तो थर फोडून द्रव बाजूस सारणें आणि कोब्यास भिडणें.

हें काम तळावरील खाचा करितात. अमेरिकेंतील पॉल स्पेरी ह्या नौकाविहारी गृहस्थास ओल्या डेकवर पाय घसरण्याचा अनुभव होता. आपला कुत्रा बर्फावरून न घसरता कसा धांवतो हें पाहून त्यानें त्याचे पंजे न्याहाळले. तेथें बारीक बारीक चिरा होत्या. तशाच चिरा त्यानें रबरी तळास पाडल्या आणि १९३५ सालीं नौकेवर घालावयाचे बूट विक्रीस आणिले. ह्यांत माझी चूक उघड होते. मोठ्या, दूर दूर असलेल्या खाचा चिखलामातींत उपयोगी पडतात; गुळगुळीत ओल्या फरशीवर मात्र जवळ जवळ असलेल्या, धारदार कडांच्या खाचा व किंचित् मऊ रबर हींच बहुधा अधिक चांगलीं ठरतात. कठीण तळ कोब्याच्या बारीक खडबडीतपणांत शिरूं शकत नाहीं.

दुसरी चूक त्याहून मोठी. 'तेलरोधक' म्हणजे तेलानें तळ फुगत नाहीं वा कुजत नाहीं, एवढेंच. तेलावरून पाय घसरणार नाहीं असा त्याचा अर्थ नव्हे. न घसरण्याची परीक्षा निराळी आहे व तिची खूणही निराळी. आय. एस. ओ. २०३४५ ह्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०११ च्या आवृत्तींत तीन खुणा होत्या : साबणासारख्या द्रावणानें ओल्या केलेल्या चिनीमातीच्या फरशीवरील परीक्षेस एस. आर. ए., ग्लिसरीन लावलेल्या पोलादी पत्र्यावरील परीक्षेस एस. आर. बी., आणि दोन्हींत उतरलेल्या बुटास एस. आर. सी. २०२२ च्या आवृत्तींत साबणाची परीक्षा सर्वसाधारण बुटांस लागूच केली असून, ग्लिसरीन लावलेल्या फरशीवरील अधिक परीक्षेंत उतरलेल्या बुटास एस. आर. ही खूण देतात. एफ. ओ. ही खूण मात्र केवळ इंधनतेलानें तळ खराब न होण्याची आहे. मी हीच खूण पाहून फसलों.

पालकांस एक घरगुती प्रयोग सुचवितों. गुळगुळीत फरशीचा एक लांब तुकडा साबणाच्या पाण्यानें ओला करावा. बुटांत दोन किलोचें वजन ठेवून तो त्यावर ठेवावा व फरशीचें एक टोंक सावकाश उचलावें. बूट सरकूं लागतांच उचललेल्या टोंकाची उभी उंची मोजावी आणि तिला त्या टोंकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून दुसऱ्या टोंकापर्यंतच्या आडव्या अंतरानें भागावें. अंतर १०० सेंटिमीटर व उंची ३० असल्यास घर्षणांक ०.३० आला. चालत्या पायाची ही खरी परीक्षा नव्हे. परंतु दोन जोड्यांपैकीं कोणती बरी, तें ह्यावरून कळतें. आम्हीं नववीच्या वर्गांत हा प्रयोग केला. त्या मुलाच्या नव्या बुटापेक्षां शाळेच्या शिपायाचा साधा, मऊ तळाचा जोडा अधिक वेळ टिकून राहिला, तेव्हां वर्ग हंसला. मी हंसूं शकलों नाहीं.

चांगला बूट मिळाल्यावरही त्याची निगा राखावी लागते. खाचांत ग्रीस व माती बसली कीं त्या असून नसल्यासारख्या. म्हणून काम संपतांच तळ ब्रशानें व साबणानें धुवावा. टाचेच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या कीं वरचें चामडें कितीही चांगलें असलें तरी जोडी बदलावी. बूट पायास घट्ट बसणारा, वादी बांधावयाचा असावा. चपलेनें गॅरेजांत उतरूं नये. आणि बूट हा शेवटचा आधार आहे हें विसरूं नये. सांडलेलें तेल भुशानें ताबडतोब टिपणें, पाण्यास निचऱ्याकडे उतार ठेवणें व ओल्या जागीं आंखूड पावलें टाकणें हें आधीं.

तो मुलगा आज त्याच गॅरेजांत आहे. ह्या खेपेस बूट घेतांना त्याचे वडील पुन्हा मला बोलावावयास आले. मी गेलों, पण ह्या वेळीं शिक्का वाचण्याआधीं जोडा उलटा करून तळ पाहिला, आणि शिक्क्याचा अर्थ बापलेकांस समजावून सांगितला, म्हणजे पुढच्या वेळीं त्यांस माझी गरज पडूं नये.